आमचा फ्रीज आणि गायकवाडसरांची परीक्षा

जुन्या फ्रीजच्या फ्रीझरमध्ये बर्फ कसा साचतो, बघा. रोज काही कळत नाही, आणि एक दिवस दारच लागत नाही. किश्श्यांचंही तसंच असतं. शेजारच्या पत्र्याच्या शेडमधले इतके साचलेत माझ्याकडे, की म्हटलं आज थोडे खरवडूनच टाकू.

त्या शेडमध्ये आता मोबाईलचं दुकान आहे. दिवसभर कुणीतरी काच बसवून घेत असतं. पण आधी बरीच वर्षं तिथे गायकवाडसरांचा फ्रीज दुरुस्तीचा क्लास होता. सर रसायनीच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. तिथल्या थंड पाण्याच्या मशिनी त्यांच्याकडे होत्या. कर्जतला येऊन त्यांनी शेड घेतली आणि शिकवायला लागले.

आमची मोरी आणि शेडची खिडकी यांच्यात हातभर अंतर. भिजवलेले वाल सोलायला मी त्या खिडकीखाली बसायचे. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, "घरात एवढा ओटा असताना तिकडे कशाला?"

"उजेड चांगला येतो," मी म्हटलं.

तिथे उजेड कधीच येत नाही. पण मी आठवी शिकलेली बाई, आणि त्या खिडकीखाली माझा फ्रीजचा कोर्स निदान दहा वेळा पूर्ण झाला.

*

नळीतून गॅस कुठे निसटतोय हे शोधायला सर साबणाचा फेस लावायचे. जिथे बुडबुडा फुगेल, तिथे भोक. त्यासाठी यंत्र मिळतं म्हणे, पण सर म्हणायचे, "यंत्राची बॅटरी जाते. साबणाची जात नाही."

एक दिवस त्यांचा ब्रश सापडेना. मी आमच्या ह्यांचा दाढीचा ब्रश खिडकीतून दिला. दोन मिनिटांसाठी म्हणून दिलेला ब्रश चार महिने तिकडेच. हे बिचारे बोटांनी फेस लावून दाढी करत होते. शेवटी एका सकाळी तसेच, अर्ध्या गालाला फेस लावून, शेडच्या दारात जाऊन उभे राहिले.

सरांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. जवळ गेले, गाल निरखला आणि विचारलं, "कुठे लीक आहे?"

*

कविता खालापूरची. आधी पार्लर चालवायची, मग म्हणाली, उन्हाळ्यात बायका भुवया करायला येत नाहीत, पण फ्रीज बिघडला तर रडत येतात. म्हणून या क्लासला आली. हाताने चलाख, पण दम नाही.

फ्रीजमध्ये नवा गॅस भरण्याआधी नळ्यांतली सगळी हवा आणि ओल पंपाने ओढून काढावी लागते. पंप लावायचा आणि गप्प बसायचं, एवढंच काम. दहा मिनिटांतच कविता म्हणाली, "सर, काटा खाली गेला. बंद करू?"

सर खिडकीकडे वळले. "वहिनी, वालाला मोड यायला किती वेळ लागतो?"

"दोन दिवस तरी."

"आणि घाई असली तर?"

"घाई असली तर बटाट्याची भाजी करते."

सर कविताला म्हणाले, "ऐकलंस? इथे बटाटा नाही."

पुढे क्लासमध्ये कुणी घाई केली की बाकीचे नुसतं "बटाटा" म्हणायचे. नव्या माणसाला वाटायचं, इथे जेवणही मिळतं.

*

याच कविताला सरांनी सरावासाठी भिवपुरीच्या क्वार्टर्समध्ये एका घरी पाठवलं. दार एका आजोबांनी उघडलं. तिला पाणी दिलं, खुर्ची दिली, गावाची चौकशी केली. तिने फ्रीज पुढे ओढला, मागची जाळी झाडली, दाराचा सैल झालेला रबर बसवला. आजोबा समोर बसून कौतुकाने बघत होते.

सगळं झाल्यावर घड्याळ बघून म्हणाले, "बाळ, तू आलीस ते बरं झालं. पण मेकॅनिक कधी येणार?"

कविता म्हणाली, "तो बटाटा सोलतोय."

सरांनी हा किस्सा तिच्याकडून तीनदा सांगून घेतला. तिन्ही वेळा चष्मा काढून डोळे पुसले.

*

आता नामदेव.

नामदेव भोईर भिवपुरीजवळच्या गावचा. घरची भातशेती, आणि रसायनीला एका कारखान्यात हेल्पर. कारखाना बंद पडला तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला. क्लासमध्ये सगळ्यात मोठा, सगळ्यात शांत. हात असा, की नळीला नुसतं बोट लावून सांगेल, इथपर्यंत गार आहे आणि इथून पुढे नाही. पण परीक्षा म्हटली की त्याचं सगळं पाणी व्हायचं.

वर्षातून एकदा बाहेरून साहेब यायचे परीक्षा घ्यायला. सर त्यात आपली एक खोड घुसवायचे. तपासायला ठेवायचा फ्रीज आमचा असायचा. कालपर्यंत झकास चालणारा, सकाळीच मी बर्फ काढलेला. आणि विद्यार्थ्याला सांगायचं, "तक्रार आहे, गार होत नाही. शोधा." ज्याने तपासून सांगितलं की याला काहीही झालेलं नाही, तो पास.

पहिल्या वर्षी नामदेवने ऐकलं, "गार होत नाही," आणि ती ज्ञानेश्वरीतली ओवी असल्यासारखा विश्वास ठेवला. त्याने फ्रीज मागून पूर्ण खोलला. नळी कापली. गॅस गेला. आमचं दूध आठ दिवस चार घरी वाटून ठेवलेलं.

सर त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "नामदेव, अरे, पेशंट चालत दवाखान्यात आला होता."

*

दुसऱ्या वर्षी फ्रीज त्याने बरोबर सांगितला. सरांची खोड तोवर सगळ्यांना माहीत झालेली. बटण दाबायचं, थोडं थांबायचं, फ्रीज ठीक आहे म्हणायचं. पण त्या वर्षी साहेबांनी तोंडी प्रश्न विचारले.

"कंप्रेसर काय करतो?"

नामदेवला ते माहीत नव्हतं असं नाही. मला माहीत होतं, तर त्याला नसणार? गॅस दाबतो आणि पुढे ढकलतो. मी खिडकीखालून हाताने दाबून दाखवत होते. तो घामाघूम, एकदा छताकडे बघतोय, एकदा जमिनीकडे. साहेबांनी शेवटी पेन खाली ठेवलं.

तेव्हा नामदेव म्हणाला, "घरघर करतो, सायेब."

*

तिसऱ्या वर्षाची गोष्ट वेगळी होती. खालापूरच्या बाहेर एका दूध गार करायच्या केंद्रात नामदेवला जागा मिळत होती. मशीन सांभाळायची, कायमची नोकरी. फक्त पासाचा कागद हवा होता, आणि तो दिवाळीच्या आत. केंद्रवाल्यांनी सांगितलं होतं, दिवाळीनंतर दुसरा माणूस घेऊ.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो मोरीपाशी आला. "वैनी, आवंदा नाय झालं तर मंग मी परत नाय बसायचो. बायकोला सांगून आलोय."

"होईल रे. फ्रीज आपलाच आहे."

"तुमचाच हाय म्हनून तर भ्या वाटतं."

त्या वर्षी परीक्षा कर्जतला नव्हती. दोन्ही तालुक्यांचे विद्यार्थी एकत्र, म्हणून खालापूरला एका हॉलमध्ये ठेवलेली. सर सकाळच्या एसटीने सगळ्यांना घेऊन पुढे गेले. फ्रीज टेंपोने आणायचं माझ्यावर आलं. माझ्यावर कुणी टाकलं नव्हतं, मीच घेतलं.

सर जाताना दोनदा सांगून गेले, "वहिनी, उभा आणा. आडवा घालू नका. कंप्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं. आणि तशात चालू केला की संपलं."

मी हो म्हटलं. पण टेंपोवाला म्हणाला, चौक गावाकडच्या वळणांवर पडला तर माझी जबाबदारी नाही. परतीचा पाऊसही भुरभुरत होता. मी खाली गोधडी अंथरली आणि फ्रीज कुशीवर झोपवला, तान्ह्या बाळासारखा. खालापूर आल्यावर उभा करून घेतला.

हॉलच्या दारात सरांनी विचारलं, "उभाच आणलात ना?"

"उभाच," मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. माणसाला जिथे मान मिळतो तिथे चूक सांगवत नाही.

पहिलंच नाव नामदेवचं निघालं.

साहेब म्हणाले, "तक्रार, गार होत नाही. एक तास."

मी मागच्या बाकावर. माझ्या लक्षात आलं आता काय होणार. तो बटण दाबणार, पाच मिनिटांत कंप्रेसर जाणार, आणि कागदावर लिहिणार की नामदेव भोईरने चालता फ्रीज जाळला. पण सरांना मी आत्ताच "उभाच" म्हणून बसले होते.

नामदेवने बटणाकडे हात नेला आणि थांबला. मग दारासमोर उकिडवा बसला.

दसऱ्याला आम्ही घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा करतो, मिक्सरसुद्धा सुटत नाही. फ्रीजच्या दारावर पाच बोटं हळदकुंकू लावलेलं होतं, ते मी पुसत नाही. टेंपोत पावसाचं पाणी त्यावर पडलेलं आणि कुंकवाचे ओघळ गेलेले. पाचही ओघळ आडवे. खाली एकही नाही.

नामदेवने एका ओघळावरून बोट फिरवलं, कुंकू अजून ओलं होतं. मागे वळून माझ्याकडे बघितलं नाही.

"सायेब, ह्यो फ्रीज निजून आलाय. आज सकाळीच. आता चालू करायचा नाय."

साहेबांनी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "उभा आलाय, असं मला सांगितलंय."

"नाय सर. निजूनच आलाय."

"बरं," साहेब म्हणाले, "कधी चालू करायचा?"

"चार तास तरी उभा ऱ्हाऊ दे. सरांनी शिकवलंय."

"चार तास? तुला एक तास आहे. चालू न करता मी काय तपासू आणि पास कसा करू?"

कविता हळूच म्हणाली, "नामदेवदादा, दाब ना बटण. फ्रीज ठीक आहे म्हण आणि सूट."

नामदेव उठून भिंतीपाशी गेला. प्लग हातात घेतला, त्याची वायर गुंडाळली आणि फ्रीजवर ठेवली.

"मंग नका करू पास, सायेब. एकदा मी वैनींचा फ्रीज मारलाय. परत नाय मारायचा."

मी बाकावरून उठले. "साहेब, मीच आडवा घातला. सरांशी मी खोटं बोलले."

सरांनी मला तेव्हाही काही म्हटलं नाही, नंतरही कधी नाही. आता ते मुलीकडे साताऱ्याला असतात. फोनवर आधी विचारतात, "फ्रीज कसा आहे?" आणि मग, "तुम्ही कशा आहात?" त्या दिवसाचा विषय मात्र आम्ही दोघंही काढत नाही.

साहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. बाकीच्यांची परीक्षा दुसऱ्या कामांवर घेतली. जेवले. पान खाल्लं. नामदेव फ्रीजशेजारी स्टुलावर बसून होता. मी वडापाव नेऊन दिला, तोही त्याने धरूनच ठेवला.

चार वाजायला आले तेव्हा साहेब म्हणाले, "लाव."

नामदेवने प्लग लावला. कंप्रेसर घरघरला. सगळे उभे राहून ऐकत होते. अर्ध्या तासाने साहेबांनी स्वतः फ्रीझरमध्ये हात घातला आणि बराच वेळ आतच ठेवला.

मग कागद पुढे ओढला. त्यावर एक चौकट असते, "केलेले काम".

"इथे काय लिहू?"

नामदेव पुन्हा छताकडे बघायला लागला. मग म्हणाला, "काय नाय केलं, सायेब. थांबलो."

साहेबांनी लिहिलं, "काही नाही." खाली लिहिलं, "पास." सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला.

संध्याकाळी टेंपो भरला. फ्रीज उभा. नामदेव मागे चढला आणि दोन्ही हातांनी त्याला धरून उभा राहिला. मी म्हटलं, "अरे, दोरीने बांधू, तू पुढे बस."

"ऱ्हाऊ द्या."

मग त्याने खिशातला कागद काढला, घडी घातली, फ्रीजचं दार उघडलं आणि अंड्यांच्या कप्प्यात ठेवला.

"खिशात घामानं भिजंल, वैनी," तो म्हणाला, आणि कर्जतपर्यंत ते दार हाताने दाबून उभा राहिला.