पाचूतलं जाळं

आमच्या आक्काला ‘पाणी’ म्हणता येत नसे. प आला की तिचे ओठ मिटत आणि मिटलेलेच राहत. मान एका बाजूला ओढली जाई, आणि बघणाऱ्यालाच गुदमरायला होई. म्हणून तहान लागली की ती नुसता तांब्या उचलून दाखवी. दोघी बहिणींच्या वाट्याचं बोलणं देवानं मला एकटीला देऊन टाकलं होतं. मी तिच्याहून चार वर्षांनी धाकटी आणि गल्लीभर फटकळ म्हणून नावाजलेली. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई माझ्याबद्दल दिवसातून एकदा तरी म्हणे.

आम्ही भिंगारला राहत होतो. आप्पा लष्कराच्या डेपोत कारकून. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती दुष्काळाची वर्षं. आक्का नगरच्या अध्यापक विद्यालयात दुसऱ्या वर्षाला होती. अडखळणाऱ्या मुलीनं मास्तरीण व्हायचं ठरवावं, याचं सगळ्यांना नवल वाटे. तिला मात्र दुसरं काही व्हायचंच नव्हतं. वर्षाच्या शेवटी परीक्षकांसमोर एक पाठ घ्यावा लागे. तो पार पडला तर शाळा मिळणार, नाही तर चूल होतीच.

आईनं गुरुजींना विचारलं. आक्काची पत्रिका नव्हती, तेव्हा त्यांनी नावावरून रास काढली. बुध दुबळा आहे, वाणी त्याच्या हातात असते, पाचू घाला, असं सांगितलं. सोन्यात, करंगळीत, बुधवारी. आप्पांच्या डेपोत जयपूरकडचा एक हवालदार होता. रजेवरून येताना त्यानं कागदाच्या पुडीतून एक खडा आणला, मुगाच्या दाण्याहून थोडा मोठा. आईनं आपल्या कुड्या मोडल्या. बाजारातल्या सोनारानं अंगठी घडवून दिली, पण खड्याचं विचारल्यावर हात वर केले. “सोन्याचं इचारा वहिनी, खड्यातलं मला काय कळत न्हाई.”

महिनाभरानं एकदा जेवताना आक्का म्हणाली, “पाणी दे गं.” सरळ, कुठंही न अडता. आईचा हात भाकरीवर तसाच राहिला आणि आप्पा उगाचच ठसकले. मग आक्का हळूहळू प च्या शब्दांना हात घालू लागली. पाटी म्हणाली, पुस्तक म्हणाली. घरी भिंतीसमोर उभी राहून पाठाची तयारी करताना तिचा आवाज ओसरीपर्यंत येई. मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण तो आठ-पंधरा दिवसच टिकला. पुढं घर तिच्याभोवतीच फिरायला लागलं आणि टँकरची रांग माझ्या गळ्यात पडली.

त्याच सुमाराला माझ्या हाती एक इंग्रजी मासिक लागलं. आप्पा डेपोतल्या साहेब लोकांची रद्दी आणत, वह्यांना कव्हरं घालायला. त्यात महिन्यांच्या खड्यांबद्दल लिहिलं होतं. डिक्शनरी घेऊन मी ते लावलं. फार पूर्वी ज्यू धर्मगुरूच्या छातीवरच्या पट्ट्यात बारा खडे असत, त्यांचे पुढं लोकांनी बारा महिने केले. आधी ज्याला परवडे तो बाराही खडे बाळगी आणि दर महिन्याला एक घाली. मग ज्याचा जन्ममहिना त्याचा खडा अशी वाटणी झाली, आणि अखेर परदेशातल्या जवाहिऱ्यांनी एकत्र बसून यादीच ठरवून टाकली. मे महिन्याला पाचू, जूनला मोती. एवढं वाचून मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले.

पाठाच्या दिवशी मी पहाटेपासून रांगेत होते. हंडा घेऊन घरात पाऊल टाकते तर आई म्हणाली, “आदी तिला च्या दे. तिचा पाठ हाय आज.”

माझा हंडा आदळलाच. आक्का निऱ्या करत होती. मी तिचा हात धरून दारातल्या उन्हात नेला. “हातच्या कांकणाला आरसा कशाला? बघ, आत किती तडे आहेत. फुटकी काच गळ्यात मारली हवालदारानं. आणि तुझा वाढदिवस तरी खरा आहे का? म्हणे एक जून! मास्तरांनी अर्ध्या शाळेला एक जून लावलाय. त्या हिशेबानं तुला मोती लागतो, पाचू नाही.”

आई आतून ओरडली, “आगं ए शानी! अखितीनंतर चार दिसांनी झाली ती. लई ऊन हुतं, मला ठावं न्हाई व्हय?”

“त्याला पुरावा काय?” मी म्हणाले.

आक्का चिडली नाही. खडा उन्हात धरून तिनं बराच वेळ पाहिला. आतलं जाळं तिलाही दिसलं असणार.

“खरंच काच आहे?” तिनं मला विचारलं.

“खरंच,” मी म्हणाले.

संध्याकाळी तिची मैत्रीण तिला घरी घेऊन आली. काय झालं ते मैत्रिणीनंच दारात उभ्यानं सांगितलं. तिसरीचा वर्ग होता आणि पाठाचा विषय पाऊस. सुरू करण्याआधी आक्कानं अंगठी काढून टेबलावर खडूशेजारी ठेवली. मग वर्गाकडं तोंड केलं आणि ओठ मिटले ते मिटलेच. मुलं चांगली होती. त्यांना वाटलं, बाई कोडं घालताहेत. एकजण ओरडला, पाऊस! मग सगळा वर्ग पाऊस पाऊस म्हणून ओरडायला लागला. परीक्षकांनी तिला बसायला सांगितलं.

पुन्हा पाठाला बसायला ती तयार झाली नाही. वर्षाच्या आत तिचं लग्न झालं, सोनईला. माणसं चांगली होती, ती कमी बोलते याचं त्यांना बरंच वाटलं. मला ती कधी एका शब्दानं बोलली नाही. मी पुढं शिकले, मास्तरीण झाले. वर्गात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला रडू आलं होतं. एकदा जुन्या पंचांगात तिच्या जन्माचं वर्ष काढून पाहिलं तर अखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, मे महिन्यातली निघाली. म्हणजे माझ्या मासिकाच्या हिशेबानंही तिला पाचूच होता. पण खडा तर काच होता ना, असं म्हणून मी पंचांग मिटलं. वाईट वागले असेन, पण खरं बोलले. या एका वाक्याला धरून मी सगळी वर्षं काढली.

आक्का गेली. वर्षश्राद्धानंतर भाची अंगठी घेऊन माझ्याकडं आली. आक्काच्या नातीला कानातलं करायचं तिच्या मनात होतं. आम्ही नगरला एका सराफाकडं गेलो. “खडा काढून टाका, खोटा आहे,” मीच सांगितलं.

त्यानं डोळ्याला भिंग लावलं. खडा फिरवून फिरवून पाहिला आणि मग भिंग माझ्या हातात दिलं. “बाई, काचेत गोल बुडबुडे दिसतात. पाचूत असं जाळं असतं, जन्मतःच. म्हणून तो ठिसूळ, जपून वापरायचा. जाळं नसतं तर मलाच शंका आली असती. कोण म्हणालं खोटा?”

मी भिंगातून बघत राहिले. आत हिरवं, बारीक, शेवाळासारखं काहीतरी पसरलं होतं. आक्काला मी हेच उन्हात धरून दाखवलं होतं. माझ्याजवळ एवढं एकच खरं होतं, तेही आता राहिलं नाही.

“आई तर खोटाच म्हणायची,” भाची सराफाला सांगत होती. “तरी कधी टाकला नाही. म्हणायची, धाकटीनं सांगितलंय म्हणजे खोटाच असणार. ती फटकळ आहे, पण खोटं बोलत नाही.” मग माझ्याकडं वळून ती हसली. “आई एरवी किती अडखळायची ना मावशी? पण हे मात्र ती सरळ म्हणायची.”