तीस वर्षांची रेघ

आमच्या शेजारणीच्या बाबांइतकी माणसांवर बारीक नजर ठेवणारा गृहस्थ मेलबर्नच्या अख्ख्या पॉइंट कुक उपनगरात दुसरा झाला नाही. गैरसमज नको! पुण्यातल्या सरकारी आकडेवारीच्या खात्यात त्यांची हयात गेली होती, आणि देशात किती हात कामाला लागलेत याचा हिशेब ठेवता ठेवता त्यांना तशी दृष्टीच आली होती. समोर माणूस आला की काका त्याला तीनपैकी एका खणात टाकून मोकळे व्हायचे: कामावर असलेले, काम शोधणारे आणि या दोन्हींत नसलेले, म्हणजे 'बाहेरचे'. लेकीकडे चार दिवस राहायला म्हणून आले आणि पाठोपाठ कोविडमुळे सीमा बंद होऊन मेलबर्नला कुलूप लागलं. मग काय, तळ्याकाठी तासभर फिरायची परवानगी होती, तेवढ्यात त्यांचं खातं सुरू. समोरच्या घरातल्या गोऱ्या आजोबांना निवृत्त होऊन कैक वर्षं झाली होती. त्यांना काकांनी मास्कमधून विचारलं, "पुन्हा कामावर जायचा विचार नाही का? म्हातारे कामावर टिकून राहिले म्हणून आलेखावरची देशातल्या कामकऱ्यांची रेघ वर चढतेय, तुमच्यासारखे घरी बसले तर कसं व्हायचं?" आजोबा सज्जन. म्हणाले, "नो वरीज मेट, बायकोला विचारून बघतो." बाबागाडीतलं तान्हं मूल दिसलं की काका थांबून त्याच्याकडे कौतुकाने बघत आणि पुटपुटत, "हा कामाला लागेल तेव्हा आपण नसू, पण लागू दे बाबा लवकर."

मी ट्रॅव्हल एजन्सीत. विमानंच उडेनात, तेव्हा आम्हाला सगळ्यांना घरी बसवलेलं, सरकारच्या कृपेने पगार तेवढा चालू. मी तोंड पाडून कुंपणाशी उभी होते तर काका आनंदाने म्हणाले, "अगं वेडे, तू कामावरच आहेस! आमच्या हिशेबात तू आत." सकाळपासून मी फक्त मोजे धुतले होते. तरी खरं सांगते, त्या दिवशी मला अगदी बरं वाटलं.

टीव्हीवर नोकऱ्या गेल्याच्या बातम्या आल्या की आम्ही सगळे आपापल्या नोकरीचे उरलेले दिवस मोजू लागायचो. काका मात्र चहात बिस्किट बुडवत बसायचे. "महिन्याचं बघायचं नसतं. तीस वर्षांची रेघ बघायची. बायका घराबाहेर पडल्या, म्हातारे कामावर राहिले, तुमच्यासारखी पोरं बाहेरून आली, रेघ चढतच गेली. मधे हा खड्डा पडलाय तो काही नाही, बारीकसा आहे. लांबून दिसणारसुद्धा नाही."

आणि मग एका सोमवारी तो खड्डा त्यांच्याच डायनिंग टेबलावर मटार सोलत बसला. झालं असं, की अश्विनी, म्हणजे माझी शेजारीण, काकांची एकुलती एक लेक, तिने नोकरी सोडली. नवरा हॉस्पिटलात, शिफ्टवर. शाळा बंद, पहिलीतली तारा दिवसभर लॅपटॉपपुढे, आणि दर पाच मिनिटांनी "ममा, इट्स फ्रोझन!" शेवटी अश्विनी वैतागून म्हणाली, "मी नंतर बघेन नोकरीचं." काकांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं पुण्याहून काहीतरी वाईट बातमी आली. दोन दिवस त्यांनी टीव्ही लावला नाही. मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं, की काका, तीस वर्षांची रेघ बघा. तर माझ्यावर केवढ्याने डाफरले! "तीस वर्षं गेली खड्ड्यात! माझी पोरगी 'बाहेरच्यां'त गेलीये!"

दुसऱ्या दिवसापासून काकांनी नातीची शाळा ताब्यात घेतली. इस्त्रीचा शर्ट घालून ते ताराच्या शेजारी कॅमेऱ्यात बसू लागले. बाईंनी "हॅलो एव्हरीवन" म्हटलं की पहिला नमस्कार यांचा. म्यूट कसं करतात ते कळायला पंधरवडा गेला, तोवर अख्ख्या वर्गाने त्यांचं घोरणं ऐकलं. बाईंनी मुलांना आईबाबा काय काम करतात ते सांगायला लावलं, तेव्हा यांनी मधेच हात वर करून कोण कुठल्या खणात ते समजावलं. तारा "आबा, स्टॉप, यू आर सो एम्बॅरसिंग" म्हणत टेबलाखाली गेली. एवढ्यावर भागलं नाही. अश्विनीच्या मुलाखतीच्या दिवशी काका नातीला घेऊन दोन तास गॅरेजमध्ये गाडीत बसून राहिले, घरात आवाज नको म्हणून. कणीक मळायलाही शिकले. पोळ्यांचा आकार विचारू नका, पण अश्विनीला नोकरी लागली.

आणि नेमकं तेव्हाच अडकलेल्यांना भारतात नेणाऱ्या खास विमानात मला त्यांच्यासाठी एक जागा मिळाली. पुण्यात काकू एकट्या होत्या आणि तिकडच्या बातम्या ऐकवत नव्हत्या. काका रोज माझ्यामागे लागलेले असायचे, "मिळतंय का गं काही?" मी धावत सांगायला गेले तर ते पोर्चमध्ये काकूंशीच बोलत होते. ऐकू कमी येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. मी तिथेच ओरडून सांगितलं. काका उठून उभेच राहिले. फोनमधून काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुम्ही आलात की शाळा कोण बघणार? परत सोडेल ती नोकरी."

"पण तू एकटी आहेस गं."

"आहे ना. मला काय धाड भरलीये? अश्विनी झाली तेव्हा मी टेलिफोन खात्यातली नोकरी सोडली, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात? नंतर बघू. ते नंतर काही आलं नाही. तिचं तसं व्हायला नको. तुम्ही थांबा तिकडेच."

काका खाली बसले. आयुष्यभर दुनियेच्या बायका मोजणारा माणूस, पण आता हातातला फोन नुसता उलटसुलट करत बसला. मग मला म्हणाले, "दे ती जागा दुसऱ्या कुणाला." मी दिली. माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवेना.

व्हिसा लांबत गेला, शाळा उघडली, बंद झाली, पुन्हा उघडली. सीमा खुल्या झाल्या तेव्हा तिकीट मीच काढलं. अश्विनी एअरपोर्टवर यायला रजा काढू का म्हणून भीतभीत विचारत होती. काका म्हणाले, "काढ की! रजेवरचा माणूस आम्ही कामावरच धरतो." गाडीत बसताना मी विचारलं, "काका, तुम्ही स्वतः कुठल्या खणात?" ते हसले. "पाहुण्यांना मोजत नाहीत गं इथे. आणि पुण्यात मी नव्हतोच."

परवा बातम्यांत ती रेघ दाखवली. मधला खड्डा खरंच बारीक दिसत होता आणि पुढे रेघ छान चढली होती. त्यात कुठेतरी अश्विनी आहे, मीही आहे. काका त्यात नाहीत, आणि दोन वर्षं एकट्याने काढलेल्या काकू तर नाहीतच. मला राहवलं नाही, मी पुण्याला फोन लावला. काकूंनी उचलला.

"तू होय! थांब हं, यांना देते. मी क्लासला निघालेय, संगणक शिकतेय आता. अहो, फोन घ्या." मग जरा लांबून, "राहू दे, स्पीकरवर टाकते. हात कणकेने भरलेत त्यांचे."