गुरुजींचे शब्द आणि नवी सिस्टीम

लातूरला कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि दोन खुर्च्या. शिरूर अनंतपाळचे एक रिटायर गुरुजी दर गुरुवारी सकाळच्या एसटीने माझ्याकडे यायचे. आपल्या भागातल्या बोलीचे शब्द त्यांनी आयुष्यभर जमवले होते. लग्नाकार्याला, बाजाराला, जिथे जिथे गेले तिथले. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा अर्थ, आणि तो कुणाच्या तोंडून ऐकला ते. त्यांना त्याचा कोश करायचा होता. मी टाईप करायची. असं नऊ वर्षं चाललं.

टाईप झालेल्या चिठ्ठ्या ते एका पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. घरात पेटीला जागा नाही म्हणून सून कुरकुर करते, असं त्यांनी एकदा सांगितलं. मीच म्हणाले, "गुरुजी, सगळं कॉम्प्युटरमध्ये आलंय. आता चिठ्ठ्या कशाला सांभाळता?" पुढच्या गुरुवारी ते म्हणाले, "दिल्या रद्दीत." मी काढून दिलेल्या आणि त्यांनी तपासलेल्या प्रिंटही त्यातच गेल्या.

माझा कॉम्प्युटर जुना. त्यातलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर त्याहून जुनं. ते चालायला कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला पेनड्राईव्हसारखी एक छोटी किल्ली खोचून ठेवावी लागायची. ज्यांनी ते विकलं त्यांनी धंदा कधीच बंद केला होता. तरी माझं काही अडत नव्हतं. मग हळूहळू अर्ज भरायच्या साईट उघडेनाशा झाल्या. क्लासची पोरं परीक्षेचे फॉर्म भरायला यायची, दहा मिनिटं गोल फिरणारं चक्र बघायची आणि समोरच्या दुकानात जायची. दुसरा कॉम्प्युटर घेण्यासारखी परिस्थिती नव्हती. सिस्टीम बदला, असं जो तो सांगत होता.

मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "ताई, मला त्यातलं काय कळतंय? तुम्हाला बरं वाटंल तसं करा."

मला तरी काय कळत होतं? चार महिने मी नुसती टाळत राहिले. रोज सकाळी कॉम्प्युटर चालू होईपर्यंत जीव मुठीत धरून बसायचे.

शेवटी नांदेडहून एक मेकॅनिक आले. पन्नाशीचे, शांत स्वभावाचे. जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्या फॉन्टमध्ये बदलून देण्यात त्यांचा हात बसलेला, असं ऐकलं होतं. ते म्हणाले, "काही होत न्हाई ताई. फाईल पेनड्राईव्हवर घेऊ, नवी सिस्टीम टाकू, मग सगळं बदलून देतो."

मी हो म्हणाले. प्रिंट काढून ठेवावी हे त्यांना सुचलं नाही, आणि मलाही नाही.

संध्याकाळपर्यंत नवी सिस्टीम बसली. किल्ली खोचली, पण सिस्टीमने तिची दखलच घेतली नाही. गुरुजींची फाईल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविराम. मेकॅनिकनी त्यांच्याजवळचा प्रोग्राम लावला, तेव्हा कुठे मराठी दिसायला लागलं. मला हायसं वाटलं. मग मी वाचायला घेतलं. काही ठिकाणी ळ चा ल झाला होता. काही ठिकाणी वेलांटीचा उकार झाला होता. सगळीकडे नाही, मधेमधेच.

"परत जुनी सिस्टीम टाका," मी म्हणाले.

"टाकतो की. त्या सॉफ्टवेअरची सीडी द्या."

सीडी दोन दुकानं बदलताना कुठेतरी गेली होती. मेकॅनिकनी फाईल परत वरखाली करून पाहिली. मग म्हणाले, "साधं मराठी असतं तर चुका लगेच दिसल्या असत्या, ताई. ह्यातला कोणता शब्द चुकलाय आणि कोणता असाच हाय, ते मी कसं सांगू?"

गुरुवारी गुरुजी आले. मी सगळं सांगितलं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "बघू की. लावा."

आधी मी मधूनमधून एकेक शब्द वाचायचे आणि ते सांगायचे. "मालवं."

"माळवं. भाजीपाला. पुढं."

"उलुसं."

"बरोबर हाय. थोडंसं. काही जण उलीसं बी म्हणतात." मग थांबले. "मी कोणतं दिलं होतं?"

ते मला कुठे आठवत होतं?

ढेलज या शब्दावर सगळंच अडलं. घराच्या दारातली बसायची जागा. गुरुजी म्हणाले, "आमच्याकडं ढाळज म्हणतात. उदगीरकडं ढेळज. हे ढेलज कुठलं?" नोंदीत कंधारजवळच्या एका गावातल्या म्हातारीचा उल्लेख होता. गुरुजींनी तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. म्हातारी दोन वर्षांपूर्वीच गेली होती. गुरुजी डोळे मिटून बसले. ती कशी बोलायची ते आठवून पाहत असावेत. "ऐकू येईना," ते म्हणाले.

त्या रविवारी मी एकटीच कंधारला गेले. गुरुजींना सांगितलं नाही. बाजारात भाजी विकणाऱ्या बायांना विचारत फिरले. दारातल्या बसायच्या जागेला तुम्ही काय म्हणता? एक म्हणाली पडवी. दुसरी म्हणाली, "ओटा म्हणा की." तिसरीने मला खालीवर पाहिलं. "हॉल म्हणतात बाई. तुमच्याकडं काय म्हणतात?" तिच्या सासूला काहीतरी वेगळा शब्द ठाऊक होता, पण सासूला आता बोलता येत नव्हतं.

एसटीत बसून परत येताना मला रडू आलं. शेजारच्या बाईने न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

गुरुवारी गुरुजींना हे सांगितलं, तेव्हा ते पहिल्यांदा थोडं हसले. म्हणाले, "लिहा. ढाळज, ढेळज. ढेलजच्या पुढं प्रश्नचिन्ह टाका. आणि खाली लिहा, कंधारच्या बाजारात एका बाईनं हॉल सांगितलं."

मी तसंच टाईप केलं. आता त्यांना एसटीची पायरी चढवत नाही, म्हणून महिन्यातून एकदाच येतात. नवी सिस्टीम बरी चालते, फॉर्म पटकन भरले जातात. कोश आम्ही अ पासून पुन्हा तपासायला घेतला, आता त पर्यंत आलो आहोत. प्रश्नचिन्हं किती झाली ते मी मोजत नाही आणि तेही विचारत नाहीत.