फालतू कपॅसिटर
सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की मला जुनं दुकान आठवतं. सेनगावच्या एका दुरुस्तीच्या दुकानात मी कामाला होतो, तेव्हा साखरा गावची एक बाई सोलर पंपाचा तोच बोर्ड घेऊन तिसऱ्यांदा आली. "इथं चालतो, तिथं विहिरीवर मोटरनं वेग धरला की बंद पडतो. काहून?" पहिल्याच खेपेला मालकानं त्यावरचे व्होल्टेज सावरणारे बारीक कपॅसिटर 'फालतू' म्हणून उपटून दुसऱ्या बोर्डाला लावले होते. त्यांच्यावाचून मोटरच्या ठरावीक वेगाला बोर्डातलं व्होल्टेज झोक्यासारखं चढत, हेलकावत जायचं आणि बोर्ड बंद पडायचा. गुटख्याची पिचकारी टाकून मालक म्हणाला, "मोटर खराब हाय." बाईनं माझ्याकडं पाहिलं. "तुमी सांगा, भाऊ." मी म्हणालो, "व्हय, मोटरच." दुसऱ्या दिवशी तिनं विहिरीतली धडधाकट मोटर काढून आणली. ती मी हसतमुखानं दुरुस्तीला उतरवून घेतली. त्या हसण्याची शिसारी मला आजही येते.