नवे बूट घालून बघणारा माणूस

आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘बूट बनवून मिळतील’ एवढंच लिहिलंय. मी वरचं चामडं शिवते, आमचे हे तळ ठोकतात. बूट काय, दहा जण बनवतात. पण लोक यायचे ते ह्यांच्या पायांसाठी. ह्यांचा पाय आठ नंबरचा, म्हणजे गावातल्या निम्म्या पुरुषांचा. त्या मापाचा बूट तयार झाला की हे तो स्वतः घालून दिवसभर दुकानात वावरायचे आणि संध्याकाळी आत खडूने खुणा करायचे. इथे शिवण टोचते, इथे करंगळी दबते. तेवढी जागा ठोकून मऊ केली की बूट गिऱ्हाइकाच्या हातात. तीस वर्षं एकही बूट चावला म्हणून परत आला नाही. असं मी नाही, हेच सांगतात, रोज.

आता आमची गल्ली. इथे पन्नाशीपुढचा आणि गोळीशिवायचा माणूस शोधून दाखवाच. समोरच्या शिंप्याला साखर, त्याच्या बायकोला बीपी, वरच्या मजल्यावरच्या दोघा भावांना दोन्ही. सकाळी लोक एकमेकांना ‘कसं काय’ नाही विचारत, ‘उपाशीपोटी किती?’ विचारतात. शिंप्याच्या घरी साखरेचा डबा आहे, पण तो मुंग्यांसाठी. मलाही बीपी आहे. हे म्हणतात माझ्या तोंडामुळे, मी म्हणते त्यांच्या.

हे मात्र ठणठणीत. म्हणजे तसं त्यांनीच ठरवलेलं. पुरावा एकच, कधी तपासलं नव्हतं. दवाखान्यातल्या नर्सबाई गल्लीत टेबल मांडून फुकट तपासत होत्या, तेव्हा ह्यांनी मला दोनदा पाठवलं आणि स्वतः दुकान सांभाळलं. घटाघटा पाणी प्यायचे, रात्री चार वेळा उठायचे. मी विचारलं तर म्हणायचे, “उन्हाळा आहे गं.” थंडीतही तोच उन्हाळा होता.

गेल्या वर्षी खडूच्या खुणा कमी झाल्या. मग बंदच झाल्या. दिवसभर बूट घालून हे संध्याकाळी म्हणायचे, “अगं, कुठेच लागत नाही! आता खरा हात बसला माझा.” तीस वर्षांनी बसला असेल, मला काय माहीत. मी मेली शिंप्याच्या बायकोपुढे कौतुक करून आले.

आणि बूट परत यायला लागले. पहिले बँकेतले साहेब आले. “करंगळी सोलून निघाली हो.” ह्यांनी बूट हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. “बुटात काही नाही, साहेब. मी स्वतः घालून बघितलाय. तुमचे पाय बिघडलेत. साखर तपासून घ्या.” मागून आणखी तिघे आले, त्यांनाही हेच औषध. चौघांनी मुकाट्याने तपासून घेतली आणि दोघांना निघाली! झालं. ह्यांना डॉक्टरकीच मिळाली. साहेब तर आभार मानून गेले, लंगडत.

मग शाळेतले मास्तर आले. गरीब माणूस, आवाज चढवणं ठाऊक नाही. बूट माझ्यापुढे ठेवून म्हणाले, “वहिनी, जरा आत हात घाला.”

टाचेच्या जागी खिळ्याचं टोक वर आलेलं. तांदळाच्या दाण्याएवढं असेल. भोवती तपकिरी डाग, वाळून कडक झालेला.

“अगंबाई! मास्तर, रक्त आलं की हो तुम्हाला!”

“मी घातलाच नाही,” मास्तर म्हणाले. “काल नेला, घरी आत हात घातला आणि आज परत आणला.”

तो बूट त्याआधी एकाच माणसाने घातला होता. तो माणूस माझ्या शेजारी बसून दुसऱ्या बुटाला तळ ठोकत होता. पायात काळे मोजे. मोजे हे स्वतःच धुतात, त्याचंही त्यांना कौतुक.

“मोजा काढा,” मी म्हटलं.

“गिऱ्हाइकासमोर?”

“काढा म्हणते ना!”

ह्यांच्या टाचेलाच भोक होतं. कडा काळ्या पडलेल्या. एका दिवसाचं नव्हतंच ते, आधीच्या कुठल्यातरी बुटाचंही त्यात असणार. ह्यांनी पाय वळवून बघितलं आणि मलाच विचारलं, “हे कधी झालं?”

एरवी मी ह्यांचा उद्धार केला असता. दुकान तसंच मास्तरांवर सोडून ह्यांना रिक्षात घातलं.

दवाखान्यात बाकावर आमची अर्धी गल्ली. शिंपी सरकून म्हणाला, “या, बसा. उशीर केलात.” यंत्रावरचा आकडा बघून डॉक्टरीणबाईंनी यंत्र बदलून बघितलं. आकडा काही बदलला नाही. जखम खरवडून साफ करेपर्यंत ह्यांच्या तोंडून हूं की चूं नाही. मी मात्र भिंतीकडे तोंड करून उभी.

“टाच बहुतेक वाचेल,” बाई म्हणाल्या. “पण पायाला कितपत कळतंय, ते बघू दे.”

“कळतंय म्हणजे काय! माझ्या पायावर दुकान चालतंय,” हे म्हणाले.

बाईंनी एक दोरा काढला, प्लॅस्टिकचा, ताठ. “डोळे मिटा. लागलं की ‘हो’ म्हणा.”

हे डोळे मिटून ताठ बसले. दुकानात नवा बूट चढवल्यावर बसतात तसेच. बाईंनी अंगठ्याला दोरा टेकवला, वाकेपर्यंत दाबला. मग करंगळी, चवडा, टाच. मग दुसरा पाय. प्रत्येक पायाला दहा जागा, मी मोजल्या. प्रत्येक वेळी मी मनात म्हणत होते, म्हणा हो. एकदा तरी म्हणा, खोटं का होईना.

बाईंनी दोरा ठेवला आणि कागद ओढून लिहायला घेतलं.

ह्यांचे डोळे अजून मिटलेलेच. थोडा वेळ वाट बघून म्हणाले, “डॉक्टर, करा की सुरू.”