दाणे राहू दे वं

महिना झाला. दुपारी ऑफिसात डबा उघडला आणि मनोहरकाकांच्या सुनेचा फोन आला, "दीदी, पापा नहीं रहे..." डबा तसाच बंद केला. सख्खे काका नव्हेत ते. रायपुरात आमच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले शेजारी, मूळचे वर्ध्याकडचे. पण त्या दिवशी मी रडले ती सख्ख्या माणसासाठी रडावं तशीच.

रायपूरलगतच्या उरला या कारखान्यांच्या वस्तीत, एका रोलिंग मिलमध्ये काकांनी सारी नोकरी सळया तपासण्यात घालवली. नमुना ताणून, वाकवून पाहिल्याशिवाय माल फाटकाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत. निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला आणि तीच खोड तिथंही! लग्नात नवरानवरी ताटकळत उभे, आणि हे आपले बटणं फिरवतायत. काकू कपाळावर हात मारायच्या. मीही हसायचे. माझं हसू थांबलं ते आईच्या फोटोपाशी.

आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. उजेड डोळ्यांना सोसवेना, म्हणून खोलीचे पडदे कायम ओढलेले. फ्लॅशचं तर नावच नको. तिचा एक चांगला फोटो हवा, एवढंच मला सुचत होतं... दिवस थोडे उरले होते. काकांचा कॅमेरा मागून आणला, आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही टिपायची त्याची ताकद, पार वर नेला. अंधारात फोटोवर रवाळ दाणे येतात, ते कॅमेऱ्यानं स्वतःच पुसावेत अशी त्यात सोय असते, तीही पूर्ण चालू केली. फोटो आला गुळगुळीत. आईनं तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हे कोन होय वं?" तिच्या हनुवटीवर माहेरी लहानपणी गोंदलेले तीन हिरवट ठिपके होते. कॅमेऱ्यानं तेही दाणे समजून पुसून टाकले होते.

मी लगेच दुसरा काढायला निघाले, तर काकांनी अडवलं. "तिले घडी घडी काहून उठवतं? पाच मिनिटं बसू शकते ते. मले दोन दिवस दे."

दोन दिवस ते आपल्या घरी पडदे ओढून बसले. प्रत्येक आयएसओला ती पुसण्याची सोय बंद, कमी, मध्यम, जास्त, असं सगळं ताडून पाहिलं. तिसऱ्या दिवशी आले, आईला उशीला टेकवलं, चार फोटो काढले, झालं.

"काका, दाणे दिसून राहिले ना," मी म्हटलं.

"दाणे राहू दे वं. ते पुसाले गेलं का माणूसच पुसल्या जाते."

आईनं फोटोतली हनुवटी बोटानं चाचपली. "हव, हे मीच." पुढच्या आठवड्यात ती गेली. पण त्या फोटोत ती आहे, सगळीच्या सगळी. एवढा मोठा माणूस मी दुसरा पाहिला नाही, हे काकांना तोंडावर सांगायचं मात्र राहूनच गेलं...

काकांच्या तेरवीला ठेवायला त्यांचाच फोटो सापडेना. कॅमेरा घेतल्यापासून कायम त्याच्या मागेच उभे राहिलेले! शेवटी सुनेनं कॅमेऱ्याचं कार्ड माझ्या हाती दिलं. त्यात काका होते, ओळीनं साठ-सत्तर. अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर ताठ बसलेले, हातात आयएसओचा आकडा लिहिलेला कागद, आणि हनुवटीवर पेनानं काढलेले तीन ठिपके.

त्यातलाच एक आम्ही मोठा करायला दिला. दुकानदारानं पडद्यावर तो नीट पाहिला. "आंटी, ठोड़ी के ये दाग साफ कर दूँ?"

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "रहने दो, भैया. वैसे ही रहने दो."