बाबांच्या हातचा पाव

बेकरीवाल्याच्या धाकट्याला सगळे पैलवान म्हणत. अंगावर मूठभर मांस नव्हतं म्हणून म्हणत, हे सांगायला नकोच. जेवला की पळाला, पळून आला की पुन्हा भूक. ज्या घरात रोज पोत्यांनी मैदा मळला जायचा, त्या घरातलं पोर सतराव्या वर्षी पस्तीस किलोचं होतं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी छडा लावला. याला गहू चालत नाही, आतड्याचं अस्तर झडतं. कणभरही नको, आणि जन्मभर नको.

बाबा हसले. "बेकरीवाल्याच्या पोराला पाव बाधतो? उद्या माशाला पाणी बाधेल!"

हसून थांबले असते तरी चाललं असतं. पण गृहस्थ हट्टाला पेटलेला. पोराचं सोंग उघडं पाडायचं म्हणून एक दिवस त्यांनी त्याच्या बटाट्याच्या सुपात गुपचूप मैदा कालवला. पैलवान सोळा दिवस दवाखान्यात होता. मैद्याचं आईनंच त्याला रडतरडत सांगितलं. बाबा मात्र "बाहेर काहीतरी अरबटचरबट खाल्लं असेल" यावरून तसूभर हलले नाहीत. बरा झाल्यावर पैलवाननं घर सोडलं, दुसऱ्या शहरात चाव्या बनवायचं दुकान टाकलं आणि दुसऱ्याच्या हातचं खाणं कायमचं बंद केलं.

त्यालाही सव्वीस वर्षं झाली. मधल्या काळात आई गेली. आणि परवा दादाचा फोन आला.

"बाबा चार दिवस काही खात नाहीयेत. तोंड घट्ट मिटून घेतात. म्हणतात, पैलवान आला की त्याच्याबरोबर खाईन. ये रे बाबा लवकर."

दहा तासांचा बसचा प्रवास. पिशवीत भात, उकडलेले बटाटे, चार अंडी, स्वतःचं ताट, स्वतःचा चमचा. थांब्यावर सगळे उतरून चरत होते, हा सीटवर बसून गार भात गिळत होता. शेजारच्यानं विचारलं, "शुगर का?" पैलवान म्हणाला, "हो." जन्मभर समजावून सांगून तो थकला होता. वाटभर डोक्यात एकच होतं. माफी नकोच होती त्याला. बाबांनी जाण्याआधी एकदा म्हणावं, पोरा, तू खोटं बोलत नव्हतास. बस्स. चार दिवसांच्या उपाशी माणसानं आपलं नाव घेतलंय म्हणजे तेच म्हणायचं असणार, असं त्यानं आपल्या मनानंच ठरवून टाकलं.

बाबांची खोली भट्टीच्या मागेच होती, भिंत अजून कोमट लागायची. वहिनीनं त्याला स्वयंपाकघरात नेऊन एक पातेलं दाखवलं. "भाऊजी, हे कालच आणलंय. पिठाला शिवलेलं नाही." पैलवानला एकदम भरून आलं. या घरात आईनंतर त्याचं पथ्य खरं मानणारी ती पहिलीच.

बाबा उशांना टेकून बसले होते. हाडांचा सापळा, आता पैलवान म्हणावं ते त्यांना. मांडीवर ताजा पाव. त्यांनी तो मोडला आणि अर्धा पुढे केला.

"घे. दोघं खाऊ."

पैलवाननं पिशवीतून डबा काढला. "बाबा, मी माझा भात खातो तुमच्याबरोबर."

डबा दिसताच बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

दादा चिडला. "अरे, एक तुकडा! मरणाऱ्या माणसासाठी एक तुकडा जात नाही तुझ्या घशाखाली?"

"भाऊजी, नका," वहिनी हळूच म्हणाली.

बाबांच्या मानेची शीर उडत होती. पैलवाननं ती पाहिली, आणि तो पाव घेतला.

मऊ होता, किंचित गोडसर. चांगला होता, हेच वाईट. बाबा वळून तो चावताना, गिळताना एकटक पाहत राहिले. मग आपला तुकडा दुधात बुडवून त्यांनीही खाल्ला, सगळा.

"झालं काही?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

बाबांचा चेहरा फुलला. ते दादाकडे वळले. "बघितलंस? मी म्हणत नव्हतो? सगळी नाटकं. उगाच घर सोडून गेला." मग समाधानानं डोळे मिटून पडून राहिले.

तीन तासांनी पैलवान मोरीत होता, घाम फुटलेला, पोटात पिळे पडत होते. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं नळ सोडून ठेवला होता. बाबांना ऐकू जाईल ही भीती. त्यांना समोर बसवून ऐकवावं ही इच्छाही तेवढीच. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिथेच असताना दादानं दार ठोठावलं. बाबा गेले होते.

पाचव्या दिवशी दादा त्याला बसवर सोडायला आला. पैलवानचे पाय अजून लटपटत होते. दादाला ते दुःख वाटलं. गाडी सुटताना त्यानं खिडकीतून एक गरम पुडकं आत दिलं. सहा पाव होते.

"वाटेत खा," दादा म्हणाला. "आता काय, चालतं तुला."

खरं सांगून आता गेलेल्या बाबांना खोटं पाडणं त्याच्या जिवावर आलं. पैलवाननं पुडकं मांडीवर घेतलं आणि मान डोलावली.